बिरू, ती खिडकी मी उघडली होती

बिरू,

इंदापूरचा पेपरवाला तुझा फोटो न्यायला आला होता. वही उघडून म्हणाला, आक्का, चार ओळी सांगा. जन्म, शिक्षण, सामाजिक कार्य. मी म्हटलं, तो जन्मला तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि सासरच्या मेंढरांमागं रानात होते, तारीख मला कुणी कळवली नाही. शिक्षण म्हणजे वायरमनच्या कोर्सचं एक वर्ष. सामाजिक कार्य म्हणाल तर वस्तीवरचे सगळे टीव्ही त्यानं दुरुस्त केले आणि त्यातले निम्मे परत बिघडवले. पेपरवाल्याचं पेन थांबलं. असं छापता येत नाही म्हणाला आणि नुसता फोटो घेऊन गेला.

तेव्हा शालन म्हणाली, "वन्सं, तुमीच लिवा. छापायची जाळी आपली, शाई आपली. इचारायचं कुणाला?" बायको तुझी शहाणी आहे, हे तुझ्यासमोर मी कधी म्हटलं नाही. माझं शिक्षण चौथी. तरी तुम्ही छापता त्या लग्नपत्रिकांमधल्या चुका मीच काढायचे. माझ्या चुका आता शालन काढेल.

तू जाऊन सोळा दिवस झाले. येणारे आले, रडले, चहा पिऊन गेले. मला रडायला आलं नाही, त्यावरून दोन बायका कुजबुजल्या. कुजबुजू देत. माझं तुझ्याशी एक भांडण अर्धं राहिलंय, आणि त्यातली एक गोष्ट मी तुझ्यापासून वर्षभर लपवलीय. ती सांगितल्याशिवाय ते मिटत नाही. रडायचं पुढं बघू.

भांडण सुरू झालं तुझ्या त्या दोन खोक्यांपासून. पुण्याच्या जुन्या बाजारातून तू टेम्पो करून दोन वस्तू आणल्यास. एक कुठल्याशा कंपनीचा, भिंतीवर चित्र पाडायचा प्रोजेक्टर. तो टेबलावरून पडून फुटलेला होता. दुसरी एका रोषणाईवाल्याची लेसरची नळी, माणसाच्या उंचीची. गणपतीत आभाळात निळ्या-हिरव्या रेघा मारायची ती, पण तिला तीन फेजची लाइट लागायची आणि गार ठेवायला सारखं वाहतं पाणी. रोषणाईवाला तिला कंटाळला होता. शालननं विचारलं, ह्याचं करायचं काय. तू म्हणालास, पत्रिका. आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं.

पण तुझं म्हणणं वेडं नव्हतं. स्क्रीन प्रिंटिंगनं पत्रिका छापायची तर चौकटीवर बारीक जाळी ताणायची, तिला उजेडानं घट्ट होणारा लेप द्यायचा आणि वर अक्षरांची फिल्म ठेवून उजेड दाखवायचा. उजेड लागतो तिथं लेप घट्ट होतो. अक्षराखाली अंधार असतो, तिथं कच्चा राहतो आणि पाण्यानं धुतला की निघून जातो. मग त्या वाटेनं शाई उतरते. ही फिल्म पुण्याहून एसटीनं यायची. नवऱ्या मुलाच्या मामाचं नाव राहिलं, की परत पुणे. आणि मामाचं नाव राहिलं नाही असं लग्न आपल्या तालुक्यात अजून झालं नाही.

तुला ती फिल्मच नको होती. फुटक्या प्रोजेक्टरच्या पोटातून तू अंगठ्याच्या नखाहून जरा मोठी, वर काच बसवलेली एक चकचकीत वस्तू काढलीस आणि माझ्यासमोर धरलीस. म्हणालास, "आक्का, ह्यात पाच लाखाच्या आसपास आरसं हायत. केसापेक्षा बारीक. परत्येक आरसा हलतोय." एकेका आरशाला बिजागरी. इकडं कलला की उजेड जाळीवर, तिकडं कलला की बाजूला. शालननं कॉम्प्युटरवर नाव टाइप करायचं, आरसे तसे कलायचे आणि लेसरच्या उजेडानं जाळीवर सरळ नाव उठायचं. मामा राहिला तर जागच्या जागी घालायचा.

मी विचारलं, "जळणार न्हाय का त्यो?"

तू माझ्याकडं असं बघितलंस, जसं शाळेतल्या मास्तरनं कधी बघितलं नाही. म्हणालास, "ह्योच सवाल हाय. दुसरा न्हाय."

पुढचे चार महिने आपण त्या एका सवालावर भांडलो, आणि आता खरं सांगते, माझ्या आयुष्यातले ते चांगले महिने होते. तू समजावायचास, आरसा आलेला बहुतेक उजेड परत फेकतो, त्यानं तो तापत नाही. थोडा उजेड तो पोटात ठेवतो आणि थोडा आरशांच्या फटींतून खाली उतरतो. तेवढाच ताप. तो पाठीमागनं बाहेर निघून गेला पाहिजे. निघाला तितकाच आत आला तर आरसा वर्षानुवर्षं चालेल. आत जास्त आला आणि बाहेर कमी गेला तर बिजागऱ्या आखडतील आणि आरसे एका अंगाला अडकून बसतील. लेसर किती जोरात लावायचा याची हद्द एवढ्यावरच ठरते.

तू आरशाच्या पाठीला ताप मोजायची पाऱ्याची नळी लावलीस आणि म्हणालास, बघ, पाठ गार आहे. मी म्हटलं, तव्यावरच्या भाकरीची वरची बाजू गार लागते म्हणून खालची करपली नाही असं असतं का. उजेड पडतोय तोंडावर आणि तू पाठ चाचपतोयस. दोन दिवस कागद काळे केलेस आणि पाठ एवढी तापली तर तोंड किती तापलं असेल याचा हिशेब मांडलास. मग पाऱ्यावर लाल रेघ ओढलीस. ती रेघ माझ्या भाकरीनं ओढली, हे तू शालनला सांगितलंस. मला नाही सांगितलंस.

लेसरचा झोतही सगळीकडं सारखा नव्हता. मध्ये जाळ जास्त, कडेला कमी, चुलीत असतो तसा. मी भाकरी फिरवते. तुला आरसा फिरवता येत नव्हता. म्हणून तू भिंगं लावून झोत पसरवलास, त्यातला मधला सारखा भाग तेवढा आरशावर घेतलास आणि कडेचा काळ्या रंगाच्या पत्र्यावर सोडून दिलास. एवढा उजेड वाया घालवतोस, म्हणून मी ओरडले. तू म्हणालास, वाया जातोय म्हणून तर आरसा वाचतोय.

आणि घंगाळ. एक दिवस न्हाणीत माझं तांब्याचं घंगाळ दिसेना. शोधत तुझ्या लेसरच्या शेडमध्ये आले तर तू त्याचं बूड कापून, घासून, आरशाच्या पाठीला बसवत होतास. माझ्या लग्नातलं घंगाळ. नवरा गेला, सासर सुटलं, तुझ्या दारात परत आले तेव्हा डोक्यावर ते एकच भांडं होतं. मी म्हटलं, बिऱ्या, हे काय केलंस. तू मानसुद्धा वर केली नाहीस.

"तांब्यासारखा ताप कोण पळवतंय, आक्का? तुझं घंगाळ आता विंग्रजी शिकलं."

दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी लेसर चालू असताना त्या तांब्याला हात लावला तर कोमट. मग बोलले. काय करणार?

शेडचे कायदे तर विचारूच नकोत. आत बांगड्या घालायच्या नाहीत, झोत बांगडीवरून उडून डोळ्यात जाईल. स्टीलचा तांब्या आत आणायचा नाही. नारिंगी चष्मा घातल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. एकदा मी तो चष्मा काढायचा विसरून तशीच दळण घेऊन गेले, तर गिरणीवाला ओळख देईना. आणि सगळ्यात मोठा कायदा, पश्चिमेची खिडकी उघडायची नाही. साखर कारखान्याचं धुराडं त्या अंगाला. गाळप चालू असलं की वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळीची काळी फुलं पडतात, हे वस्तीवरच्या प्रत्येक बाईला माहीत आहे. तू खिडकीला बारदान ठोकलं होतंस. मला दहा वेळा बजावलं होतंस.

लेसरचा जोर कमी-जास्त करायचं बटन गोल होतं. त्याच्या कडेनं तू शालनच्या पाकिटातल्या तीन टिकल्या चिकटवल्यास. पहिलीला नुसतं झोत नीट पडतोय का बघायचं. दुसरीला काम चालेल पण सावकाश. तिसरीला झपाट्यानं. तिसरी म्हणजे अगदी हद्द नव्हती. हद्दीच्या अलीकडं चांगली मोकळी जागा ठेवून तू ती लावली होतीस, हे तू मला कागदावर दाखवलं होतंस. आकडे मला कळले नाहीत. मोकळी जागा कळली.

त्या तिसऱ्या टिकलीवर तुझं सगळं टांगलेलं होतं. तीन फेजची लाइट आपल्याकडं दिवसाचे ठरलेले तासच. इंदापूरचे बागवानचाचा, त्यांच्या दुकानात निम्म्या तालुक्याच्या पत्रिका ठरतात. ते येऊन सगळं बघून गेले आणि म्हणाले, "बिरूभाऊ, लाइट हाय तेवढ्यात बारा जाळ्या काढून दावा. सगळं काम तुमाला. न्हाय निघाल्या तर निम्मं देतो, निम्मं बारामतीला." तिकडं तुझ्या मेव्हण्यानं कारखान्याच्या वजनकाट्यावर तुझी जागा बोलून ठेवली होती, उसाच्या गाड्यांचं वजन करायचं आणि पावती फाडायची. वाईट नोकरी नव्हती. पण तू शेडमध्ये असताना शीळ घालायचास आणि वजनकाट्याचं नाव निघालं की जेवण अर्धं टाकायचास. बारा जाळ्या निघाल्या तर वजनकाटा नाही. एवढंच होतं. तुझ्या हिशेबानं तिसऱ्या टिकलीवर बारा निघत होत्या, दुसरीवर सात.

आता ते सांगते.

गेल्या वर्षीचा फाल्गुन. दुसऱ्या दिवशी चाचा येणार होते. सकाळी लाइट आली, तू लेसर दुसऱ्या टिकलीवर ठेवलास आणि त्या दिवशी उकडतंय म्हणून आरशाभोवतीचं धुळीसाठीचं झाकणही काढून ठेवलंस. तेवढ्यात पाण्याची धार बारीक झाली. टाकीच्या नळीत गाळ अडकला असणार. तू निघालास आणि मला सांगून गेलास, "पाऱ्यावर नजर ठेव. लाल रेघंला टेकला की बटन बंद कर. दुसरं कायबी करू नको."

तू गेल्यावर शेडचा पत्रा तापला. पंखा नुसती गरम हवा फिरवत होता. पारा चढायला लागला. मी बटनाला हात घातला, पण तूच सांगितलं होतंस की एकदा बंद केलं तर लेसरची नळी परत ठिकाणावर यायला अर्धा तास जातो. लाइटीचे तास मोजके. मला वाटलं, तापलंय ना, मग वारा द्यावा. साठ वर्षं मी तेच केलंय. दूध उतू जायला लागलं की फुंकर, पोराला ताप आला की पंखा. मी बारदान सोडलं आणि खिडकी उघडली.

वारा आला. पारा उतरला. मला इतका आनंद झाला की विचारू नकोस. थोड्या वेळानं टेबलावर दोन काळी फुलं दिसली, तेव्हा भानावर आले. खिडकी लावली, बारदान ठोकलं, पदरानं टेबल पुसलं. आरशाच्या काचेकडं वाकून बघितलं, स्वच्छ दिसली. या डोळ्यांना काय दिसणार होतं.

तू गुडघ्यापर्यंत चिखलात भरून आलास. पारा रेघेच्या खाली बघितलास आणि म्हणालास, "शाब्बास आक्का."

मग तिसऱ्या टिकलीवर लावलंस. शंभरसुद्धा मोजून झाले नसतील. कोपऱ्यातून दोऱ्याएवढा धूर निघाला. तू झडप घालून बंद केलंस. काचेवर तिळाएवढा डाग भाजला होता आणि त्याच्या खालचे आरसे मेले होते. बाकीचे सगळे जिवंत. तू स्टुलावर बसलास आणि म्हणालास, "आक्का, माझा हिशेब चुकला."

त्या वेळी मला खरंच माहीत नव्हतं. संध्याकाळी लुगडं धुताना पदराच्या घडीत काळी फुलं निघाली आणि तेव्हा कळलं. उजेड आरसा परत फेकतो, काजळी परत फेकत नाही. काळ्या कणानं सगळा उजेड गिळला, तो तापला आणि त्यानं काच जाळली. लेसर हद्दीतच होता. तुझा हिशेब बरोबर होता.

मी तेव्हाच उठून तुला सांगायला हवं होतं. तू रागावला असतास म्हणून मी गप्प बसले असं कुणाला वाटेल, तर ते खोटं आहे. तू रागावलाच नसतास. तू हसला असतास आणि वस्तीभर, बाजारभर, इंदापूरपर्यंत सांगत सुटला असतास, आमच्या आक्कानं लेसरला वारा घातला. मला ते नको होतं. चार महिने मी तुला भाकरीवरून शहाणपण शिकवलं होतं. एवढ्या क्षुल्लक गोष्टीसाठी मी गप्प बसले. मग एक दिवस गेला, दुसरा गेला, आणि नंतर सांगायचं म्हणजे, इतके दिवस का नाही सांगितलं, तेही सांगायची वेळ आली.

चाचा आले. तू दुसऱ्या टिकलीवर सात जाळ्या काढून दाखवल्यास. चाचा भला माणूस, त्यांनी निम्मं काम दिलं. पुढच्या आठवड्यात तू वजनकाट्यावर रुजू झालास. सकाळी तिथं, दुपारी शेडमध्ये.

तो डाग मात्र आपल्याला पुरून उरला. मेलेल्या आरशांवरून उजेड येईना, म्हणून जाळीवर त्या जागी लेप कच्चाच राहायचा आणि प्रत्येक पत्रिकेवर वरच्या बाजूला, डावीकडं, शाईचा एक ठिपका उठायचा. पहिली पत्रिका हातात घेऊन तू डोक्याला हात लावलास. शालननं नीट बघितलं आणि म्हणाली, "गणपती घ्या मधी आन् उंदीर डावीकडं. ठिपका उंदराचा डोळा." बस. तेव्हापासून आपल्या गणपतींचे उंदीर तालुक्यात नावाजले. चाचांकडून येणाऱ्या निकाहच्या पत्रिकांवर तोच ठिपका चंद्राजवळची चांदणी झाला. एकदा एक पाहुणा भांडायला आला की शेजाऱ्याच्या पत्रिकेतला उंदीर जिवंत दिसतो आणि आमच्या पत्रिकेतला का नाही. त्याची पत्रिका बारामतीला छापलेली होती. तू त्याला चहा पाजलास.

तुझ्या तेराव्याच्या पत्रिकेला उंदीर चालणार नव्हता. शालननं डोळे पुसले, कॉम्प्युटरवर बराच वेळ अक्षरं इकडं-तिकडं सरकवली आणि ठिपका बरोबर तुझ्या नावाआधीच्या 'कै.'च्या पुढं आणून बसवला. टिंब टाइप करायची गरजच पडली नाही. तू बघितलं असतंस तर तिला शाबासकी दिली असतीस.

पावसाळ्यात कारखाना बंद होता. तू ओसरीवर जुन्या पत्रिकांच्या पाठीवर परत हिशेब मांडत बसायचास. एक दिवस मान वर करून म्हणालास, "आक्का, झोत कितीबी सारखा केला तरी जाळ मधीच जास्त. जास्त ताप हुता तर मधी जळायला पायजे हुतं. कोपऱ्यात कसं जळलं?"

मी भाकरी थापत होते. हात थांबला नाही, त्याचं मला आजही नवल वाटतं. म्हणाले, "तुझ्या जाळालाच इचार." तू हसलास. पण सवाल सोडला नाहीस, तो तुझा स्वभावच नव्हता. तू खिडकीपर्यंत पोचणार हे मला दिसत होतं.

म्हणून यंदा हंगाम सुरू झाला आणि तू म्हणायला लागलास की तिसऱ्या टिकलीवर परत लावून बघतो, तेव्हा मी आडवी आले. हा एकच आरसा आहे, दुसरा मिळायचा नाही, गेला तर निम्मं कामही जाईल. वरवर सगळं शहाणपणाचं. खरं कारण वेगळं होतं. तिसरीला नीट चालला असता तर तू विचारलं असतंस की मग त्या दिवशी काय झालं, आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं. काचेच्या काळजीचं नाव पुढं करून मी माझी अब्रू राखत होते.

शेवटचं भांडण तुला आठवतं का? तू गेलास त्याच्या आदल्या दुपारी झालं. तू म्हणालास, उद्या तिसरीला लावणार. मी म्हटलं, माझ्या अंगावरनं जा मग.

"आक्का, तुला एवढं भ्या कशाचं?"

"मला भ्या न्हाय, अक्कल हाय."

"मग उद्या अक्कल घेऊन भाईर बस. मी लावणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी वजनकाट्यावर पावती लिहिता लिहिता तू मान टाकलीस. ट्रॅक्टरवाल्यानं पावतीसाठी दोनदा हाक मारली आणि मग आत येऊन बघितलं.

दोन-दोन कामांनी तू थकलास आणि ती दोन कामं माझ्या खिडकीमुळं लागली, असं माझ्या मनात आलं नाही असं नाही. डॉक्टरांनी हृदय सांगितलं. आपला बाप, आबा, तोही पंचेचाळिशीतच, असाच, बसल्या जागी गेला. तेव्हा मी कुठल्या खिडकीला हात लावला नव्हता. म्हणून तुझं मरण मी माझ्या अंगावर घेणार नाही. पण त्या वर्षभराच्या सकाळी, ज्या तू शीळ न घालता काढल्यास, त्या माझ्या नावावर आहेत. त्या मी कबूल करते.

तेराव्याला मेव्हणा आला. चांगल्या मनानं म्हणाला की कारखाना तुझ्या जागी शालनला वजनकाट्यावर घ्यायला तयार आहे, रविवारपर्यंत सांगा. तो गेल्यावर शालननं मला विचारलं, वन्सं, काय करू. सात जाळ्यांवर घर चालत नाही, हे तिलाही माहीत, मलाही.

मी तिला खिडकीचं सांगितलं. सगळं, पदरातल्या फुलांपर्यंत.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यास्नी सांगायला पायजे हुतं, वन्सं."

मी म्हटलं, "व्हय."

"लाइट किती वाजता येती उद्या?"

एवढंच. दुसऱ्या दिवशी तिनं खिडकीवर एकाला दोन बारदानं ठोकली. मऊ कपडा घेतला, काच पुसली आणि तुझं भिंग डोळ्याला लावून एकेक कण टिपला. चाचांनाही बोलावून घेतलं होतं. ते नारिंगी चष्मा घालून कोपऱ्यात बसले. आधी पहिली टिकली, मग दुसरी. पारा बघितला. मग तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, फिरव.

तिसऱ्या टिकलीवर ती काच दिवसभर चालली. मी घंगाळाच्या तांब्यावर हात ठेवून उभी होते. कोमट होतं, कोमटच राहिलं. पारा लाल रेघेपासून चांगला खाली. तू कागदावर दाखवलेली मोकळी जागा मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसली. बारावी जाळी धुतली तेव्हा लाइट जायला अजून पाऊण तास बाकी होता. चाचांनी जाळ्या स्वतः मोजल्या, दोनदा. मग चष्मा काढून म्हणाले, "बिरूभाऊ बोलत हुता त्ये खरं निघालं." शालन पाणी पिते म्हणून बाहेर गेली आणि बराच वेळ आली नाही.

काल रविवारी मेव्हणा आला. शालननं त्याच्यापुढं चहा ठेवला आणि म्हणाली, "दादा, वजनकाट्यावर दुसरं कुणी बघा. मी येत न्हाय."

हे वाक्य तू वर्षभर न्हाणीत, पाणी अंगावर घेताना, स्वतःशी म्हणून बघायचास. मी बाहेरून ऐकलं आहे, एकदा नाही, पुष्कळदा. गेल्या फाल्गुनात ते तुला खऱ्यानं म्हणता आलं असतं. मी आडवी आले. आता ते तुझ्या बायकोनं म्हटलं, आवाज न चढवता, आणि मेव्हण्यानं दुसरा कप मागितला.

तेव्हा भांडण मिटलं, बिरू. तिसरी टिकली बरोबर होती, माझी खिडकी चुकली. तू समोर असतास तर मी हे कबूल केलं नसतं, आणि तेही तुला माहीत होतं.

तुझी,
आक्का